आधी कार्ड, मग दुखणं

कुलूपकाकांना गेल्या आठ वर्षांत एकवीस वेळा हृदयविकाराचा झटका आला, नऊ वेळा उजवा पाय मोडला, चार वेळा डावा, दोनदा साप चावला आणि एकदा घशात माशाचा काटा अडकला. काका मासे खात नाहीत. पण काटा अडकला तो अडकलाच, आणि शहरातल्या पाचही रुग्णालयांना त्याची खबर गेली.

एवढं सगळं होऊनही माणूस ठणठणीत होता. रोज सकाळी साडेनऊला जिना उतरायचा, इमारतीच्याच पायथ्याशी असलेल्या आपल्या कपाटाएवढ्या दुकानाचं शटर वर ढकलायचा, आणि दिवसभर लोकांच्या हरवलेल्या किल्ल्या नव्याने घडवत बसायचा. दुपारी जेवायला वर यायचा, अर्धा तास आडवा व्हायचा, पुन्हा खाली. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मात्र तो साडेतीनचा चहा घ्यायला मुद्दाम वर यायचा. कपबशी हातात घेऊन बायकोसमोर बसायचा आणि विचारायचा, "हं, आज मला काय झालंय?"

"मूतखडा," बायको फोन जवळ ओढत म्हणायची.

"फार दुखतंय का?"

"गडाबडा लोळताय तुम्ही."

"बरं," म्हणून काका चहाचा घोट घ्यायचे.

ही बायको म्हणजे आमच्या हॅलोकाकू. नाव काही वेगळंच आहे, पण ते आता पेन्शनच्या कागदावरच उरलंय. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं त्या बोर्डावर बसल्या. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात वायरी. याची वायर त्याच्या भोकात आणि त्याची याच्या. पुढे यंत्रं आली, बोर्ड गेला, काकू निवृत्त झाल्या. सवय गेली नाही. दार वाजलं तरी त्या आतून "हॅलो" म्हणतात. देवासमोर हात जोडल्यावरही पहिला शब्द हाच निघत असणार अशी माझी खात्री आहे, पण देवाने तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

एकतीस वर्षांत काकूंनी एकच गोष्ट पक्की शिकून घेतली: फोनच्या पलीकडचा माणूस खरं केव्हा बोलतो आणि केव्हा वेळ मारून नेतो. साध्या आवाजात चौकशी केली की तो म्हणतो, "ऑफिसच्या वेळेत फोन करा." गोड आवाजात केली की म्हणतो, "एकदा येऊन जा ना, बघू." पण पेशंट दारात उभा आहे म्हटलं की तो एका दमात खरं काय ते सांगून मोकळा होतो. घाईतल्या माणसाला खोटं रचायला फुरसत नसते. म्हणून काकूंचा पेशंट कायम दारात उभा असायचा, आणि घरात दुसरं कुणी नसल्यामुळे ते काम काकांकडे आलं होतं.

फोन साधारण असा चालायचा:

"हॅलो, इमर्जन्सी का? आमच्याकडे निळं कार्ड आहे विम्याचं, कौटुंबिक. चालतं ना? ... आज चालतं ना, का मागच्या महिन्यापर्यंत चालत होतं? ... बरं. इमर्जन्सीचे डॉक्टर आत्ता जागेवर आहेत, की फोन केल्यावर घरून येतात? ... आणि त्यांचं बिल याच कार्डात ना, का ते वेगळं? ... नाही, विचारून सांगा, मी थांबते ... हो, पेशंट माझे मिस्टर. छातीत दुखतंय. डावीकडे ... अगंबाई, थांबा हं. ढेकर आला त्यांना. उतरलं वाटतं. बरं, ठेवते."

"माझा जीव चाललाय," काका म्हणायचे, "आणि तू आधी कार्डाचं विचारतेस?"

"जीव जायला वेळ लागतो," काकू वहीत पेन्सिलीने खूण करत म्हणायच्या. "कार्ड नाकारायला लागत नाही."

हा त्यांचा नेम होता. आधी कार्ड, मग दुखणं. क्रम कधी चुकला नाही.

आता कुणी म्हणेल, या बाईला उद्योग नाही. इमारतीतल्या पुष्कळ जणांनी तसं म्हणून पाहिलंय. पण काकूंना हा छंद हौसेने जडला नव्हता. त्यांना एक थोरला भाऊ आहे. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. अक्षर असं की दुकानात माल नसला तरी लोक पाटी बघायला थांबायचे. आठ वर्षांपूर्वी एका सकाळी शिडीवरून उतरताना त्याचं तोंड वाकडं झालं आणि उजवा हात लोंबकळायला लागला. काकूंनी आणि वहिनींनी त्याला रिक्षात घातलं आणि सगळ्यात जवळचं रुग्णालय गाठलं. खिडकीतला माणूस म्हणाला, "हे कार्ड आमच्याकडे चालत नाही." दुसरीकडे गेले. तिथे कार्ड चाललं, पण इमर्जन्सीचे डॉक्टर घरी होते. वीस मिनिटांत येतो म्हणाले आणि पन्नास मिनिटांनी आले, तेही "इथे सोय नाही, पुढे न्या" एवढं सांगायला. तिसरीकडे सगळं होतं: कार्ड, डॉक्टर, यंत्रं. भाऊ वाचला. हात गेला.

आणि ते तिसरं रुग्णालय पहिल्यापासून सात मिनिटांवर होतं. हे कुणालाच ठाऊक नव्हतं. काकूंना सगळ्या शहराचे नंबर पाठ होते, आणि हे ठाऊक नव्हतं. त्या दिवशी त्यांना दुसऱ्या कुणाचा नव्हे, स्वतःचाच राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही. भाऊ आता डाव्या हाताने पाट्या रंगवतो. अक्षरं सगळी एका बाजूला झुकतात, वाऱ्यात उभी असल्यासारखी. काकू त्या पाट्यांखालून जाताना वर बघत नाहीत.

तेव्हा रुग्णालयातून घरी आल्यावर त्यांनी विमा कंपनीने पाठवलेली पुस्तिका काढली. त्यात कार्ड चालणाऱ्या रुग्णालयांची यादी होती, चकचकीत कागदावर. काकूंनी एकेक पत्ता पायी फिरून पाहिला. एका रुग्णालयाच्या जागी पलंगांचं दुकान निघालं. बाकी सगळं गेलं होतं, पलंग तेवढे उरले होते. दुसरं फक्त दातांचं निघालं. काकूंनी पुस्तिका डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली, दोनशे पानी वही आणली, आणि तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांच्या या शहरात एकटीने आधीच खणायला घेतली.

त्या वहीची काय थोरवी सांगावी! रुग्णालयांना नावं नव्हती, खुणा होत्या: काचेचं, चौकातलं, टेकडीवरचं, सरकारी आणि पुलापलीकडचं. प्रत्येकाला दहा पानं. सगळं पेन्सिलीत, कारण काकूंच्या मते शाईने लिहावं असं या विषयात काहीच नव्हतं. काचेच्या रुग्णालयापुढे लिहिलं होतं, "कार्ड चालतं. डॉक्टर रात्रपाळीला शिकाऊ. बाकी जागा बघण्यासारखी." चौकातल्यापुढे, "टाके उत्तम. छातीसाठी जाऊ नये." सरकारीपुढे, "कार्ड विचारतच नाहीत. रांग. पण डॉक्टर चोवीस तास उभा, तेही जागा." आणि पुलापलीकडच्यापुढे दुपारपाळीच्या डॉक्टरीणबाईंबद्दल एकच ओळ: "उंची कमी, उरक जास्त."

दुसऱ्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंच्या बोटातून एकदा मशीनची सुई आरपार गेली. बाई बोट वर धरून धावत काकूंकडे आल्या. काकूंनी आधी चष्मा लावला, मग वही उघडली.

"कोणतं कार्ड तुमचं?"

"अहो काकू, सुई!"

"सुई दिसतेय मला. कार्ड दिसत नाहीये."

कार्ड हिरवं निघालं. काकूंनी चौकातल्यात पाठवलं, आणि चाळीस मिनिटांत शिंपीणबाई बोटाला पांढरी टोपी घालून परत आल्या. तेव्हापासून काकूंना नावं ठेवणारे कमी झाले. जिन्यात भेटलेला माणूस "कसं काय?" विचारायच्या आधी "काकू, पिवळं कार्ड टेकडीवर चालतं का हो?" असं विचारू लागला. काकूंना उत्तर नेहमी ठाऊक असायचं, आणि ते देताना त्यांची मान थोडी ताठ व्हायची. ते काही मी लपवणार नाही.

थोरला भाऊ मात्र नाराज होता. तो आला की म्हणायचा, "अगं, घरच्या माणसाला रोज उठून आजारी पाडू नये. वास्तू तथास्तु म्हणत असते."

"रोज नाही, दादा. महिन्यातून एकदा."

"वास्तूला एकदा पुरतं."

काकू हसण्यावारी न्यायच्या. काका म्हणायचे, "वास्तूने तथास्तु म्हणायचं तर आधी कुठल्या आजाराला म्हणायचं ते ठरवावं लागेल. तिचाच गोंधळ उडालाय."

गोंधळ उडाला तो वेगळ्याच ठिकाणी. एका सोमवारी काकूंनी पुलापलीकडच्या रुग्णालयात फोन लावला. तिथे दुपारपाळीला काउंटरवर एक सिस्टर असायची, घोगऱ्या आवाजाची. काकूंनी कार्ड विचारलं, डॉक्टर विचारले, बिल विचारलं, आणि मग म्हणाल्या, "मिस्टर जिन्यावरून पडलेत हो, पाय सुजलाय."

"उजवा का डावा, काकू?"

"उजवा."

"मागच्या महिन्यात मोडला होता तोच? जुळला नाही का अजून?"

काकूंनी फोन ठेवला. म्हणजे आपटलाच. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुणाचा फोन असा तोडला नव्हता. दुसऱ्यांचे आवाज ओळखण्यात सगळा जन्म गेला, आणि आपलाही आवाज कुणी ओळखत असेल हे बाईंच्या ध्यानीमनी नव्हतं! काका इतके हसले की चहा बशीत, बशीतून शर्टावर.

"हसू नका," काकू म्हणाल्या. "उद्या खरंच काही झालं तर?"

"तर काय? लांडगा आला रे आला."

काका सहज बोलून गेले. काकूंना मात्र त्या रात्री झोप लागली नाही. दिवसाउजेडी जे काम शहाणपणाचं वाटत होतं तेच आता नुसता खेळ वाटायला लागलं. ज्या माणसासाठी वही केली त्याच्याच दुखण्यावरचा लोकांचा विश्वास आपण उडवून ठेवला, हे त्यांच्या मनाला कुरतडायला लागलं.

मग त्यांनी उपाय करून पाहिले. आधी आवाज बदलला. बारीक आवाज काढला तर टेकडीवरचा कारकून म्हणाला, "काकू, सर्दी झालीय का?" मग त्यांनी काकांना फोन करायला बसवलं. समोर कागदावर सगळं लिहून दिलं. काका कुलपापुढे राजे, फोनपुढे गोगलगाय. "हॅलो," ते म्हणाले, "माझी बायको आजारी आहे. म्हणजे नाही. इथेच उभी आहे. तीच सांगतेय मी काय बोलायचं ते." काकूंनी फोन हातातून काढून घेतला. खोटं बोलायलाही अंगात कसब लागतं, आणि ते या माणसाच्या सात पिढ्यांत नव्हतं.

शेवटी त्यांनी काय केलं? काहीच नाही. पुढच्या सोमवारी पुन्हा स्वतःच्या आवाजात फोन लावला. घोगऱ्या सिस्टरने "बोला काकू, आज काय?" असं विचारलं, काकूंनी आधी कार्ड विचारलं, मग डॉक्टर, मग बिल, आणि मग घसा खाकरून म्हणाल्या, "मधमाशी." सिस्टर म्हणाली, "कार्ड चालतं. डॉक्टरीणबाई जागेवर आहेत. मधमाशीला बर्फ लावा." असं वर्षभर चाललं. दोघींपैकी कुणी ताकास तूर लागू दिली नाही. एक नियम मात्र काकूंनी पहिल्यापासून पाळला होता: अँब्युलन्सच्या नंबरावर कधीही खोटा फोन नाही. तेवढं पाप त्यांच्या खात्यावर नाही.

आणि मग तो गुरुवार आला.

दुपारचे चार वाजले होते. काकू गॅलरीत मटार सोलत बसल्या होत्या. काका जिना चढून वर आले. ही त्यांची वर यायची वेळ नव्हती, आणि सोमवारही नव्हता. आले, आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसले. हातात एक अर्धवट घासलेली किल्ली होती.

"आज मला काय झालंय?" त्यांनी विचारलं.

"आज काही नाही," काकू मटारातून मान वर न करता म्हणाल्या. "सोमवारीच कान फुटलाय तुमचा. आज सुट्टी."

"नाही गं," काका म्हणाले. "झालंय."

काकूंच्या हातातली शेंग तशीच राहिली. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की शटर खाली आल्याचा आवाज आला नव्हता. काका पाच मिनिटांसाठी वर आले तरी शटर ओढून यायचे. कुलूपवाल्याचं दुकान उघडं राहिलं तर लोक हसतील म्हणायचे. काकू उठून आत आल्या. काकांचा शर्ट पाठीला चिकटला होता. चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांनी किल्ली टेबलावर ठेवायला हात पुढे केला आणि ती टेबलाच्या अलीकडेच खाली पडली.

"जबडा दुखतोय," ते म्हणाले. "आणि हा हात. मस्करी नाही गं."

काकूंनी फोन उचलला. नंबर बोटांनीच लावला. वही कपाटात होती, ती काढायचं सुचलंच नाही. दोनदा रिंग वाजली.

"इमर्जन्सी, बोला." घोगरा आवाज.

आणि काकूंची वाचा बसली. जिने अख्ख्या शहराला बोलतं केलं त्या बाईला शब्द सापडेना. वास्तूने तथास्तु म्हटलं, एवढंच डोक्यात घुमत होतं. शहाण्णव वेळा आपणच हाक मारली, आज ते आलं. आता ही हसणार. म्हणणार, काकू, आज गुरुवारी कसं काय?

"आमचे हे," काकू म्हणाल्या. "घाम... हात उचलवत नाहीये हो त्यांना. किल्ली पडली."

पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. आयुष्यभर लोकांच्या फोनमधली शांतता ऐकलेल्या काकूंना ती एवढीशी शांतता सोसेना.

"काकू, पत्ता सांगा," सिस्टर म्हणाली. आवाज घोगरा होता, पण त्यात हसू नव्हतं. "मजला? लिफ्ट आहे? नाही. बरं. गाडी निघाली. त्यांना बसतंच ठेवा, चालू देऊ नका. दार उघडं ठेवा. घरात ॲस्पिरिन आहे? त्याची ॲलर्जी नाही ना त्यांना? मग एक चावून खायला द्या. फोन ठेवू नका, मी आहे."

गाडी अकरा मिनिटांत आली. शिंपीणबाई गळ्यात टेप तशीच घेऊन खाली रस्त्यावर उभ्या राहिल्या होत्या, येणाऱ्या गाडीला हात करायला. काकांना खुर्चीसकट उचलून जिन्यावरून उतरवलं. दुकानासमोरून जाताना काका पुटपुटले, "शटर." शिंपीणबाईंनी धावत जाऊन ते खाली ओढलं.

पुलापलीकडच्या रुग्णालयाच्या दारातच एक ठेंगणी बाई उभी होती, हातमोजे घालून. पलंगाजवळ तिच्यासाठी एक छोटं लाकडी स्टूल ठेवलेलं होतं. त्यावर चढून तिने काकांच्या छातीला वायरी लावल्या, एकीकडे कागदाची पट्टी वाचली, दुसरीकडे तीन माणसांना तीन कामं सांगितली, आणि काकूंना म्हणाली, "बाहेर बसा. मी येऊन सांगते. कुठे जाऊ नका." उंची कमी, उरक जास्त. काकूंना स्वतःचीच ओळ आठवली.

बाहेर लोखंडी बाकडी होती, भिंतीवर मोठं घड्याळ होतं आणि एका कोपऱ्यात पाण्याचं यंत्र गुरगुरत होतं. काकू बसल्या. हातात पर्स नव्हती, पायात दोन वेगळ्या चपला होत्या आणि पदराला मटाराचं साल चिकटलेलं होतं. त्यांनी घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि दर मिनिटाला बघितलं. एकदा यंत्रावर कुणी पाणी घ्यायला आलं आणि त्यांना विचारलं, "तुमचं कोण आहे आत?" काकू म्हणाल्या, "सगळेच."

पाऊण तासाने दार उघडलं. डॉक्टरीणबाई स्टुलाशिवाय काकूंच्या खांद्याला लागत होत्या.

"रक्तवाहिनीत गुठळी होती," त्या म्हणाल्या. "मोकळी झाली. अर्धा तास उशीर झाला असता तर मी तुमच्याशी वेगळं बोलत असते. दोन दिवस इथेच राहतील. दहा मिनिटांनी भेटा, पण बोलायला लावू नका."

काकूंनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडला नाही. बाईंना दुसऱ्या पेशंटकडे जायचं होतं, तो त्यांनी हळूच सोडवून घेतला.

आणि मग, सगळं निभावल्यावर, काकूंना आठवलं. कार्ड! कार्डाचं विचारलंच नाही. कार्ड तर घरी, कपाटात, वहीच्या पानांत. त्या तशाच काउंटरकडे धावल्या.

काउंटरमागे चष्मा लावलेली, किडकिडीत बाई बसली होती. काकूंनी एवढी वर्षं त्या घोगऱ्या आवाजाला मनात चांगला दांडगा देह चढवला होता.

"सिस्टर," काकू म्हणाल्या, "आमचं कार्ड..."

"निळं, कौटुंबिक," सिस्टर म्हणाली. "चालतं. डॉक्टरीणबाईंचं बिलही त्यातच. हे बघा." काउंटरच्या आतल्या बाजूला एक पिवळी पडलेली चिठ्ठी चिकटवलेली होती. तिच्यावर कार्डाचा रंग, प्रकार आणि खाली बारीक अक्षरात दुखण्यांची यादी: मूतखडा, काटा, साप (२), मधमाशी, कान. "आम्ही सोमवारी सकाळीच अंदाज बांधायचो, आज काय येणार म्हणून. साप कुणालाच ओळखता आला नाही."

काकूंचं तोंड लाल झालं. त्यांना वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

"माफ करा हो," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला एवढी वर्षं..."

"अहो, कशाचं? डॉक्टरांचं बिल कार्डात धरतात का, हे तुम्ही विचारेपर्यंत आम्हाला कुठे ठाऊक होतं? तुमच्यामुळे आत जाऊन विचारावं लागलं. तेव्हा धरत नव्हते."

काउंटरच्या कडेला बोट घासत काकूंनी विचारलं, "एक सांगा. मी शहाण्णव वेळा खोटं बोलले. आज खरं आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

सिस्टरने चष्मा काढला.

"तुम्ही कार्डाचं विचारलं नाहीत, काकू."

काकू वळल्या आणि आत गेल्या.

काका पांढऱ्या चादरीखाली पडले होते. नाकाला नळी, हाताला नळी, डोळे मिटलेले. काकू उशाशी उभ्या राहिल्या. बोलायला लावू नका असं सांगितलं होतं, म्हणून त्या बोलल्या नाहीत. बोलले ते काकाच.

"विचारलंस का त्यांना?"

"काय?"

"कार्डाचं. चालतंय ना?"

काकूंनी चादरीची घडी सारखी केली. ती सारखीच होती.

"विसरले हो."

काकांनी डोळे उघडले. "विसरलीस?"

"हो."

"तू?"

"मी."

काका बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग नळीचा हात त्यांनी चादरीवरून हळूहळू तिच्या हाताकडे सरकवला.

"मग मला खरंच काहीतरी झालं होतं," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.